धुराड्यावरचा डबा

विघ्नहर्त्या गजाननास आणि ज्याच्या हातांनी पहिले अवजार घडले त्या विश्वकर्म्यास वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की आज खंडेनवमी. सोसायटीच्या जुन्या ट्रॅक्टरची पूजा सांगून मी आत्ताच घरी परतलो, आणि हातांना अजून झेंडूचा व डिझेलचा मिश्र गंध येतो आहे. त्या ट्रॅक्टरच्या बाबतीत माझ्या हातून एक प्रमाद घडला होता. तो कसा घडला आणि ईश्वराने तो कसा पदरात घेतला, हे आता सांगून टाकावे असे वाटते.

आमचे गाव धारूरच्या डोंगरकडेला. पौरोहित्य आणि शाळेत संस्कृत शिकविणे, हा माझा जन्माचा व्यवसाय. बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडे आधी मी पाठशाळेतून गावी परतलो, आणि त्याच सुमारास नव्याने स्थापन झालेल्या सहकारी सोसायटीने परदेशी बनावटीचा एक राखाडी ट्रॅक्टर आणला. दुष्काळात बैल छावणीला गेले. तेव्हा गावाला पाणी याच यंत्राने पाजले आणि पाझर तलावाचे दगडही यानेच वाहिले. मी दररोज स्नानसंध्या आटोपली की सोसायटीच्या ओट्यावर जाऊन बसे आणि त्याच्याकडे पाहत राही. एका दात्यात दुसरा दाता बरोबर बसावा, एकाच्या फिरण्याने दुसरे फिरावे आणि कोणी कोणाला अडवू नये, अशी सुसंगती मी तोवर केवळ ग्रंथांत पाहिली होती.

त्या पाहण्यातूनच मला एक छंद जडला. दोऱ्याने मापे घ्यायची आणि फुटाला इंच या प्रमाणात सागाच्या लाकडाची, पितळी तारेची हुबेहूब प्रतिकृती करायची. आधी मोट केली, मग उसाचा चरक, मग तेलावरचे इंजिन. ट्रॅक्टरला मात्र चार वर्षे लागली. त्याची एकही कडी, एकही दांडी मी सोडली नाही. तो देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला तेव्हा पत्नी म्हणाली, "बाळकृष्णाला नमस्कार करताना मधे याचं चाक येतं. आता मी कोणाच्या पाया पडले ते देवालाच ठाऊक."

पुढे घरोघरी नवे ट्रॅक्टर आले आणि सोसायटीचा ट्रॅक्टर गोदामामागे जाऊन उभा राहिला. तो चालविणारे मिस्त्री धारूरला गेले व तेथे त्यांनी इंजिन दुरुस्तीचे दुकान थाटले. मी मात्र दर खंडेनवमीला त्याची पूजा चुकविली नाही. पहिल्याच वर्षी पाहतो तो त्याच्या उभ्या धुराड्यावर कोणी तुपाचा रिकामा डबा पालथा घातलेला. ज्याची पूजा करावयाची त्याच्या मस्तकी गंजका डबा असावा, हे मला सहन झाले नाही. मी तो काढून ठेवला. अभिषेक मस्तकावर व्हावा हा तर संकेतच आहे. म्हणून चाकावर पाय देऊन चढलो आणि पळीपळीने पंचामृत व शुद्धोदक धुराड्याच्या मुखात घातले, वर अक्षता व सुपारी वाहिली. एक थेंबही बाहेर सांडला नाही. यंत्राने सेवा स्वीकारली, असे मला वाटले. मग हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

काही वर्षांपूर्वी पुन्हा पावसाने पाठ फिरविली. श्रावण कोरडा गेला. गावात पाणी आणायचे ते दोन कोसांवरच्या विहिरीतून. नवे ट्रॅक्टर होते, परंतु दसरा झाला की ते सारे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर कारखान्यांकडे जातात, आणि मागे म्हातारी माणसे व जनावरे उरतात. अशा वेळी सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला तो जुना ट्रॅक्टर भंगारात देण्याचा. चेअरमन हे माझेच जुने विद्यार्थी. मी उठून म्हणालो, "तो चालू झाला तर आपल्या मागे राहणाऱ्यांना पाणी आणील."

"गुरुजी, तुमचा देव पंधरा वर्सांत जागचा हालला न्हाई," चेअरमन म्हणाले. सभा हसली. मग तेच जरा मऊ आवाजात म्हणाले, "असं करू. खंडेनवमीला त्यो सोताच्या बळावर मारुतीपर्यंत आला तर ठेवू. न्हाई आला तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावलंच समजा."

हातात एकच महिना होता. मी धारूरला जाऊन मिस्त्रींना घेऊन आलो. वयाने ते माझ्याच बरोबरीचे. गोदामामागे येताच त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरविला, आणि वर पाहून थबकले.

"देवा, डबा कुठंय?"

"कोणता डबा?"

"जाताना मी धुराड्यावर पालथा घातलता त्यो. तुपाचा. पाणी आत जाऊ नये म्हणून."

मिस्त्रींनी धुराडे सोडवून दगडावर आपटले. आतून काळ्या अक्षतांचा चुरा पडला आणि मग टणकन एक सुपारी. त्यांनी ती उचलून माझ्या हातावर ठेवली. इंजिन उघडले तेव्हा पाण्याने एका सिलिंडरमध्ये गंज धरलेला आणि दट्ट्या जागीच घट्ट रुतून बसलेला दिसला. मी सारे कबूल केले. डबा मीच काढला होता. पाणी, दूध, मध हे सारे मीच ओतले होते, आणि तेही एकदा नव्हे, दरवर्षी. ज्या यंत्राला मी इतक्या भक्तीने जपत होतो, त्याला माझ्याच हाताने मारले होते.

मिस्त्रींनी दट्ट्यावर बोट फिरवून हुंगून पाहिले. मग म्हणाले, "मधसुद्धा?"

"मधसुद्धा."

"लई लाड केले तुमी याचे." आणि ते हसू लागले. त्या हसण्याने माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला. "आता ऐका. ज्या पळीनं पाणी घातलं ना, त्याच पळीनं रोज सकाळी यात तेल आणि डिझेल घालायचं. मग गिअर टाकून मागचं चाक हलवून बघायचं. जोर करायचा न्हाई. हे काम जोराचं न्हाई, सबुरीचं हाय. ते तुमाला जमतं."

मी ते अनुष्ठान म्हणून धरले. पूजा आटोपली की पळी घेऊन गोदामामागे जावे, तेल घालावे, चाकाला खांदा लावावा आणि परतावे. पहिले आठ दिवस चाक म्हणजे डोंगर. अकराव्या दिवशी पत्नी म्हणाली, "पळी राहू द्या तिकडेच. देवाला तेलाचा वास येतोय." मी दुसरी पळी आणली. एकोणिसाव्या दिवशी खांदा लावला आणि चाक बोटभर सरकले. मी तेथेच मातीत बसलो व हात जोडले. परतताना गावात जो भेटला त्याला सांगत आलो, "बोटभर. पुरते बोटभर."

मिस्त्रींनी गंज घासून काढला, पंप धुतला, आणि मग कपाळाला हात लावला. वेगाच्या दांडीपासून इंधनपंपापर्यंत जाणारी वाकडी कडी कोणीतरी काढून नेली होती. "असली कडी आता कुठं मिळणार न्हाई. अंदाजानं केली तर बसणार न्हाई. तिला तीन वाकणं होती, कुठं किती, कोण सांगणार?"

मी घरी गेलो, कोनाड्यातला लाकडी ट्रॅक्टर उपरण्यात गुंडाळून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. पितळी तारेची ती कडी तेथे होती, तिन्ही वाकणांसह. मिस्त्रींनी चष्मा पुसला. मापपट्टीने प्रत्येक वाकण मोजले, बाराने गुणले आणि खडूने जमिनीवर रेघ ओढली. दुपारपर्यंत गावच्या लोहाराने सळई तापवून तशी कडी घडविली. ती पहिल्याच खेपेस जागेवर बसली.

खंडेनवमीला सारे गाव गोदामामागे जमले होते. ज्यांचे नवे ट्रॅक्टर निघायच्या तयारीत होते तेही आले होते. त्यांतल्याच एकाची बॅटरी काढून जोडली. मिस्त्री चालकाच्या बैठकीवर बसले. पहिल्या खेपेस नुसता खरखराट झाला. दुसऱ्या खेपेसही तेच. चेअरमन म्हणाले, "गुरुजी, मंतर म्हणा एखादा."

"मंत्र झाले," मिस्त्री वरूनच म्हणाले. "आता नळीतली हवा काढू." त्यांनी खाली उतरून एक नट सैल केला, डिझेल बुडबुडत आले, पुढे निखळ धार लागली, तसा तो आवळला. तिसऱ्या खेपेस यंत्राने एक खोल श्वास घेतला, गुरगुरले आणि बोलू लागले. मी तो आवाज डोळे मिटून ओळखला असता. बहात्तरमध्ये पाण्याची टाकी वेशीत शिरताना हाच आवाज यायचा, आणि बाया घागरी घेऊन धावायच्या. धुराड्यातून पांढरा धूर निघाला, मग काळा, आणि त्यासरशी आत चिकटून राहिलेल्या जळक्या अक्षता उडून नेमक्या चेअरमनांच्या पांढऱ्या टोपीवर पडल्या.

"घ्या प्रसाद," मिस्त्री म्हणाले.

चेअरमनांनी टोपी काढली नाही. तशाच टोपीने ते ट्रॅक्टरपुढे चालू लागले. हलगी वाजू लागली. मी मागून चाललो होतो, आणि ज्या चाकाला एकोणीस दिवस खांदा लावला ते माझ्यापुढे आपल्या बळाने फिरत होते. मारुतीपुढचा चढ आला तेव्हा मिस्त्रींनी गिअर बदलला, आणि यंत्र जराही न थांबता वर चढले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी उठून हात जोडले.

पूजा झाली. या खेपेस अभिषेक मी चाकाच्या पायथ्याशी, मातीवर केला. नंतर चाकावर चढून मिस्त्रींनी आणलेला नवा तुपाचा डबा थंड झालेल्या धुराड्यावर स्वहस्ते पालथा घातला आणि त्याला झेंडूची माळ बांधली.

दसऱ्यानंतर टोळ्या गेल्या, गाव अर्धे रिते झाले. रोज सकाळी तोच राखाडी ट्रॅक्टर पाण्याची टाकी घेऊन वेशीत येत राहिला, उन्हाळा सरेपर्यंत एकही खेप न चुकविता. चेअरमन रोज विचारायचे, "गुरुजी, डबा काढला का?" आणि निघण्यापूर्वी डबा काढण्याचे काम गावाने माझ्याकडे दिले ते आजतागायत माझ्याकडेच आहे.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, तुमच्या घरची अवजारे गंजापासून सुरक्षित राहोत, तुमच्या विहिरींना झरे फुटोत, तुमच्या हातून घडलेल्या चुका दुरुस्त करणारा सहृदय मनुष्य तुम्हांस वेळेवर भेटो, आणि तुमच्या दारी आलेले पाणी अखंड राहो, हीच त्या जगन्नियंत्याच्या चरणी प्रार्थना.