अक्षरांखालच्या गाद्या

अण्णा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. आधी आठवलं ते फार वर्षांपूर्वीचं कारखान्याचं ऑफिस.

अण्णा माझा थोरला भाऊ. दिंद्रुडला त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मी तेव्हा माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात नवी ऑपरेटर, अजून कायम न झालेली. कुठूनसा जुना आणलेला कॉम्प्युटर, त्याची बटणं एकेक करत मुकी झाली. बाईच्या हाती मशीन दिल्यावर असंच व्हायचं, हे साहेब मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. सासरहून कायमची परतलेली मी. ही नोकरी गेली तर पुढे काय, या धास्तीनं घास उतरेना. शेवटी रविवारी कुणाला न सांगता कीबोर्ड पिशवीत घालून अण्णाकडे निघाले. एसटीत कंडक्टरसुद्धा मला पोलीस वाटत होता.

अण्णानं तो उघडला. प्रत्येक बटणाखालच्या फोमच्या इवल्याशा गादीचा भुगा झाला होता. "गाद्या गेल्यात गं, मशीन न्हाई," तो म्हणाला. टीव्हीच्या खोक्यातला फोम आणि वेफर्सच्या पुडीचा चमकता कागद गोल कापून त्यानं नव्या गाद्या बसवल्या. मग दुकानातल्या प्रत्येक यंत्राला ओढायचा तसे आतल्या सर्किटच्या पट्टीवर ओल्या विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि झाकण लावलं. आमच्या घरात विभूतीवाचून कशाची सुरुवात होत नाही.

पावसाळी हवा. ती विभूती आत वाळलीच नाही. सोमवारी साहेब पाठीशी उभे, माझे हात मांडीवर, आणि पडद्यावर अक्षरं आपोआप उमटू लागली. ओळीच्या ओळी... याला कुणी हात लावला, साहेबांनी विचारलं. सोबत आलेला अण्णा बाहेर थांबला होता, तो दारात आला.

"म्या उघडलता साहेब. हिचा काय दोष न्हाई."

सगळ्यांसमोर त्यानं स्क्रू काढले, कोरड्या फडक्यानं पट्टी पुसली. अक्षरं थांबली. साहेब आत गेले. नोकरी टिकली, पुढे कायम झाले आणि मी तिथूनच रिटायर झाले.

अण्णाला भीती ठाऊकच नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. परवा त्याच्या खोलीत गेले, तर कपाटात तोच कीबोर्ड. कारखान्यानं मोडीत काढला तेव्हा यानं मागून आणलेला. उघडला, तर गाद्या ताज्या, मऊ. वहिनी म्हणाली, "दर सालाला बदलायचे. म्या इचारायचे, कावून? तर म्हनायचे, पुन्ना बंद पडला अन् तिला काढलं तर?"

"मी रिटायर झाल्यावरही?"

"तरीबी."

मी एकेक गादी बोटानं दाबून पाहिली. सगळ्या वर आल्या.