टॉपरच्या पत्र्यावर चाललेला वायरलेस

साहेब म्हणत होते, सेट बंद ठेवू नका. मी म्हणत होतो, चालू ठेवला तर जळेल. मीटरची सुई माझ्या बाजूने होती.

लातूरच्या भूकंपानंतरचे दिवस. खेड्यांतले फोन मेलेले, धक्के अजून येऊन राहिलेले. शेडमध्ये राहणाऱ्या लोकांचे निरोप आमच्या एकुलत्या एक वायरलेस सेटवर यायचे. तो गेला तर गावं मुकी.

सेट आणि अँटेना यांच्यामधल्या केबलला डायरेक्शनल कपलर जोडतात. वर किती पॉवर गेली आणि किती परत आली, हे तो वेगवेगळं दाखवतो. अँटेनाचा इम्पीडन्स, म्हणजे अडसर, सेटशी जुळला नाही की पॉवर रुसलेल्या जावयासारखी दारातूनच माघारी फिरते. सेट तापतो. काल सगळी वर जात होती. आज निम्मी परत.

खिडकीतून बघितलं. शेजारच्या गच्चीवरचा कोचिंग क्लासचा बोर्ड गायब. टॉपरचा फोटो असलेला भलामोठा पत्रा होता तो. जवळ एवढं लोखंड असलं की अँटेनाचा रेझोनन्स सरकतो, म्हणजे तो भलत्याच फ्रिक्वेन्सीला नीट चालतो. मी अँटेना त्या पत्र्यासकट जुळवला होता. पत्रा गेला, जुळणीही गेली.

"मग वर चढून परत जुळवा की."

"साहेब, आपल्या गच्चीला तडा हाय. वर जायला मनाईची ऑर्डर तुम्हीच काढली."

साहेबांनी स्वतःचीच ऑर्डर पुन्हा वाचली.

शेजारी गेलो. क्लासचे सर डोक्याला हात लावून बसलेले. "टॉपर दुसऱ्या क्लासनं पळवला हो, म्हणून बोर्ड उतरवला. आता बोर्डावर कुणाला लावू?"

"नुसता पत्रा उभा करा."

"कोरा? क्लास बसला म्हणून गावभर होईल. मुखेड-उदगीरची पोरं बोर्ड बघून येतात. चेहरा आणा, आत्ता लावतो."

परत येऊन साहेबांना सांगितलं. साहेबांचा मुलगा बंडू त्याच क्लासला. गणितात दोनदा आपटलेला. साहेबांनी पाकिटातून त्याचा फोटो काढला. "द्या. पण पहिला-बिहिला लिहू नका म्हणावं."

पेंटर रंगवेपर्यंत सेट बंद. माझा जीव टांगणीला. त्या पठ्ठ्यानं बंडूला चष्मासुद्धा घातला, हुशार दिसावा म्हणून. खाली लिहिलं, 'आमची शान'.

बोर्ड उभा राहिला. सेट लावून बोलायचं बटण दाबलं, परतीची सुई शून्यावर. बटण सोडलं तसा एका गावचा आवाज आला, "कवाचं बोलवून राहिलो. धक्का बसला. समदे सुखरूप हाव."

मी खुर्चीत बसलो. निरोप वहीत उतरवला.

बंडू गणितात तिसऱ्यांदा आपटला. तरी आम्ही बोर्ड उतरवू दिला नाही. ऑफिसच्या रेकॉर्डला तो अँटेनाचा भाग म्हणून लागला. अँटेना जुळवताना शेजारी काय उभं आहे ते आधी बघावं. कोण उभं आहे, ते सुई विचारत नाही.