रमेशभाऊंच्या वाट्याची तक्रार

आमच्या फोरमच्या नियंत्रकांच्या गटात रमेशभाऊंच्या खात्यावरून सकाळी मेसेज आला, ‘मी त्यांची मुलगी. बाबा काल गेले. हार्टअटॅक.’ मी लाखनीच्या आमच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या थैल्या लावत होते. नेमकं कोण गेलं, हेच मला आधी कळेना… कारण ज्या नावानं ही बातमी दिली होती, गेलेलं नावही तेच होतं.

धान, तलाव, मासे यांबद्दल भंडारा जिल्ह्यातली माणसं त्या फोरमवर बोलतात. एखादी पोस्ट खटकली की सदस्य तक्रारीचं बटण दाबतात आणि आम्ही चार-पाच हौशी माणसं ती ठेवायची की काढायची ते ठरवतो. रमेशभाऊ वरठीच्या कारखान्यात कामाला होते. पाळी संपली की कॅन्टीनच्या बाकावर बसून तक्रारी वाचायचे. मी नवी होते तेव्हा धडाधड पोस्टी उडवायची. त्यांचा फोन आला. “काढाले एक बोट लागते वो ताई. पण त्या माणसाचं मांगचं वाचल्याबिगर काहून काढायचं?” तेव्हापासून मीही पोस्ट काढण्याआधी त्या माणसानं मागे काय काय लिहिलंय ते वाचू लागले.

गेल्या वर्षी पवनीकडच्या हिरामणनं एक पोस्ट टाकली. त्याच्या गावच्या तलावात मासोळ्या मरून वर आल्या होत्या. विष अमक्यानं टाकलं असं त्यानं नाव आणि फोटोसकट लिहिलं. खाली लोक ‘चला त्याच्या घरी’ म्हणू लागले. रमेशभाऊंनी ती पोस्ट काढली. मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं होतं.

त्यांच्या जाण्यानंतर फोरमवर श्रद्धांजलीचा धागा सुरू झाला. सगळे चांगलं लिहीत होते आणि मध्येच हिरामणची पोस्ट आली. ‘हा माणूस भला होता असं सारे म्हणून राहिले. माहं खरं बोलणं यानंच पुसलं. मासोळ्या गेल्या, माहं कोणी आयकलं नाही. माह्यासाठी हा भला नव्हता.’

तक्रारींचा पाऊस पडला. मी हिरामणला फोन केला.

“रमेशभाऊ आले होते ना माह्या घरी,” तो म्हणाला. “फटफटीनं. बरेचदा. तलावाच्या पारीवर बसून रडले एकदा. म्हणत, माहं बरोबर का चूक, मलेच समजून नाही राहिलं.”

“मग तुम्ही असं काहून लिहिलं?”

“पुसलं हे खरं नाही का?”

“आले होते हेही लिहा ना भाऊ.”

“ते माह्या घरातलं आहे ताई. फोरमवर कायले?”

मी फोन ठेवला. त्या तलावाचं पाणी वेळेत कोणी तपासलंच नव्हतं. विष होतं की नव्हतं, हिरामणलाही खात्रीनं सांगता येत नाही, मला तर नाहीच. आणि रमेशभाऊ वरठीहून पवनीला जात होते, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं रोज बोलणारा माणूस… मी नक्की कोणाला ओळखत होते?

पोस्ट मी ठेवली. एक जुने सदस्य रागावून फोरम सोडून गेले. रमेशभाऊंच्या मुलीचा फोन आला. “ताई, बाबांबद्दल असं लिहिलेलं तुम्ही राहू कसं दिलं?” हिरामणनं सांगितलेलं तिला सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण ते त्याच्या घरातलं. मी एवढंच म्हटलं, “बाबांनी मागचं वाचलं असतं गं.” तिला पटलं की नाही, माहीत नाही. मलाही पूर्ण पटलंय का?

येणाऱ्या तक्रारी फोरम आम्हा नियंत्रकांना आळीपाळीनं वाटतो. रमेशभाऊंचं नाव आम्ही अजून त्यातून काढलेलं नाही. अधूनमधून एखादी तक्रार त्यांच्याकडे जाऊन पडते, मग आमच्यातलं कोणीतरी ती उचलतं. हिरामणच्या पोस्टवरची पहिली तक्रारही त्यांच्याच वाट्याला गेली होती. बाकीच्या मी निकाली काढल्या. तेवढी एक अजून तिथेच आहे, त्यांच्या नावापुढे, ‘वाचायची बाकी’ म्हणून.