नंदाताईंनी बसवलेला नळ

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर पेडणेकर राहतात. नंदाताई पेडणेकर एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत सिस्टर होत्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. बिअरचा थेंब त्यांनी जन्मात चाखलेला नाही. अजूनही नुसता वास आला तरी नाकाला पदर लावतात. असं असूनही घरी स्वतः जुळवलेला ड्राफ्ट बिअरचा नळ आमच्या सगळ्या वस्तीत फक्त त्यांच्याकडे आहे. मी त्यांच्या अगदी खालच्या घरात राहतो, त्यामुळे या नळाची ठोकाठोकी सुरुवातीपासून माझ्या डोक्यावरच चालली होती.

त्यांचे यजमान राजेश एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. वडील लालबागला गिरणीत, मूळ गाव मालवणकडचं. दर शनिवारी संध्याकाळी ते, त्यांच्याच खात्यातले माणिक गायकवाड आणि आणखी दोघं असे स्टेशनजवळच्या एका बारमध्ये बसायचे. एक पिचर, चार मग आणि उकडलेल्या शेंगा. नऊच्या आत सगळे आपापल्या घरी. कारखाना बंद पडला, चौघांना चार ठिकाणी नोकऱ्या धराव्या लागल्या, पण शनिवार काही सुटला नाही. बाटलीतल्या बिअरला राजेशभाऊ बिअर मानायचेच नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने सावरला, पण उजवा हात कोपरापासून खाली निर्जीवच राहिला. बोलणं जड झालं. जे काही थोडं बोलायचे ते मालवणीत. चाळीत लहानपणी बोललेली भाषा तेवढी जिभेवर शिल्लक राहिली होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली न्यावं, हे त्यांना मान्य नव्हतं. मित्र सुरुवातीला नेमाने यायचे. चहा घ्यायचे, पंख्याकडे बघत बसायचे, काय बोलावं ते न सुचून उठायचे. मग येणं विरळ झालं.

शीतल नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येऊन व्यायाम करून घ्यायची. उजव्या हातात रबरी चेंडू द्यायची आणि दाबायला सांगायची. राजेशभाऊ तो हातातून गळू द्यायचे. एकदा नंदाताई रागावल्या, तेव्हा ते म्हणाले, "ह्यो दाबून माका काय मिळता?"

नंदाताईंनी खाली पडलेला चेंडू उचलून ठेवला. नर्स म्हणून हजारो माणसांना त्यांनी 'करा, बरं वाटेल' असं सांगितलं होतं. घरच्या माणसाला ते सांगताना शब्द पोकळ लागले, असं त्या पुढे मला म्हणाल्या.

मग एका शनिवारी माणिकभाऊ पिशवीतून बिअरची बाटली घेऊन आले. डॉक्टरांनी आठवड्याला एक छोटा ग्लास चालेल, त्यापुढे नाही, असं सांगितलेलं होतं. माणिकभाऊंनी बाटली उघडली, ग्लासात ओतली आणि प्रेमाने ग्लास मित्राच्या तोंडाशी धरला. राजेशभाऊंनी मान भिंतीकडे वळवली. आंघोळ दुसऱ्याने घालायची, शर्टाची बटणं दुसऱ्याने लावायची आणि आता हेही. माणिकभाऊ ग्लास तसाच ठेवून उठले. नंदाताई त्यांना सोडायला गेटपर्यंत उतरल्या आणि तिथे, आमच्या खिडकीखाली, त्यांनी पहिल्यांदा मनातलं बोलून दाखवलं.

"बाटली एकट्याची असते, माणिकभाऊ. केग, म्हणजे बिअरचा अख्खा पिंप, आणला तर तो संपवायला माणसं लागतात. आणि नळ असला तर तो कुणीतरी ओढावा लागतो. मी घरात नळ बसवते. तुम्ही तिघं दर शनिवारी याल की नाही, तेवढं सांगा."

माणिकभाऊ येतो म्हणाले. त्यांना वाटलं, बाईंचा जीव जळतोय म्हणून बोलतायत.

पण दुसऱ्या दिवसापासून नंदाताई कामाला लागल्या. आधी त्यांनी तयार मशिनं पाहिली. टेबलावर ठेवायची जी छोटी होती, त्यांना त्यांच्याच कंपनीचा डबा लागायचा. मोठी होती त्यांचा नळ उभ्या माणसाच्या छातीशी आणि दांडी बोटभर. राजेशभाऊ बसल्या जागेवरून ओढू शकतील असं एकही नव्हतं. तेव्हा त्यांनी ठरवलं की आपणच जुळवायचं. गॅलरीत एक जुना एकदारी फ्रिज होता, चालू, पण आत फक्त डाळींचे डबे. त्यात दहा लिटरचा केग आरामात बसत होता. गॅसचा सिलिंडर, त्यावरचा रेग्युलेटर, नळ्या यांची त्यांना भीती नव्हती. ऑक्सिजनचे सिलिंडर बदलण्यात आयुष्य गेलेलं. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरतात तोच कार्बन डायऑक्साइड त्यांनी मागवला. तो कोंडू नये म्हणून फ्रिज ठेवला खिडकीपाशी, आणि खिडकी उघडी राहील असा आकडा ठोकून घेतला.

फ्रिज दुरुस्त करणारे धोंडिराम चालू फ्रिजला भोक पाडायला तयार होईनात. कडेला ड्रिल घातलं आणि आतली गॅसची नळी फुटली तर फ्रिजची वाट लागेल, असं त्यांचं म्हणणं. नंदाताईंनी विचारलं, नळी नाही अशी जागा कुठली? धोंडिराम म्हणाले, दरवाजा. मग दरवाजालाच भोक पडलं, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर.

मुलगा प्रांजल बंगळूरला असतो. त्याला कळलं तेव्हा त्याने फोनवर बरंच सुनावलं. आजारी बाबांना तू घरात दारू पाजणार का, लोक काय म्हणतील, वगैरे. नंदाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी त्यांना दारू देत नाहीये रे, काम देतेय." फोन ठेवून त्या परत पाना घेऊन बसल्या.

केग अंधेरीच्या एका छोट्या ब्रुअरीतून आला. शनिवारी दुपारी आला आणि संध्याकाळी मंडळी जमली. कौतुकाने मलाही बोलावलं होतं. राजेशभाऊंना नळासमोरच्या खुर्चीत बसवलं. पहिला ग्लास नंदाताईंनी स्वतः भरायला घेतला. नळ ओढला तर ग्लासात नुसता फेस. पांढरा, जाड, दाढीच्या साबणासारखा. त्यांनी ग्लास ओतून दिला, रेग्युलेटरचा दाब कमी केला आणि पुन्हा ओढला. फेस वाढला. आणखी कमी केला, आणखी वाढला. टीपॉयवर सगळे ग्लास फेसाने भरून उभे राहिले. माणिकभाऊंनी त्यातला एक तोंडाला लावला आणि ओठांना मिशा आल्या तरी छान आहे म्हणाले. कुणी हसलं नाही.

राजेशभाऊ काठी टेकून उठले. "माका नको तुझो नळ," एवढंच म्हणून आत गेले.

उरलेला केग मोरीत गेला. जिन्यात वास पसरला आणि सोसायटीचे सेक्रेटरी चौकशी करून गेले. आम्हाला वाटलं, आता विषय संपला. नंदाताईंनी सगळे ग्लास धुतले, पालथे घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात पोळीभाजी घेऊन बाहेर पडल्या. घाटकोपरपर्यंत बस, पुढे मेट्रो. अंधेरीला त्या ब्रुअरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार अजून उघडायचं होतं. सुती साडीतली, हातात डबा घेतलेली बाई पाहून वॉचमनला वाटलं, कुणाची तरी आई मुलाला शोधत आलीय.

तिथे बिअर बनवणारा हर्षद नावाचा तरुण होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. नळी किती लांब ठेवलीत, असं विचारलं. नंदाताई म्हणाल्या, शक्य तितकी आखूड आणि जाड, म्हणजे वाटेत अडथळा नको. आणि दाब अगदी हलका, रुग्णाला देतात तसा.

"तिथेच चुकतंय, काकी," हर्षद म्हणाला. "दाब कमी झाला की बिअरमधला गॅस नळीतच सुटतो आणि फेस होऊन बाहेर येतो. तिला दाबातच ठेवायची, आणि वाट लांब आणि अरुंद करायची. म्हणजे नळापर्यंत येता येता ती आपोआप शांत होते."

नंदाताईंनी हातातला डबा खाली ठेवला. इतकी वर्षं सिलिंडर हाताळल्याच्या जोरावर त्यांनी कुणाला काही विचारलंच नव्हतं. मग त्यांनी पदर खोचला आणि सगळं पहिल्यापासून दाखव म्हणून सांगितलं. हर्षदने त्यांना थंड खोलीत नेलं. अरुंद नळीचं वेटोळं फ्रिजच्या आतच ठेवायचं, नळ तापलेला असता कामा नये, आणि प्रवासातून आलेला केग निदान एक दिवस न हलवता थंड होऊ द्यायचा. त्यांनी तर तो आल्या दिवशीच उघडला होता. सगळं समजलं तरी नंदाताई निघाल्या नाहीत. त्यांना हाताला सवय हवी होती. ब्रुअरीच्या काउंटरमागे उभं राहून त्या ग्लास तिरका धरून भरत राहिल्या, चुकला की पुन्हा. वरती दोन बोटं फेस आणि खाली स्वच्छ सोनेरी बिअर असे ग्लास ओळीने यायला लागले, तेव्हा त्यांनी डबा उघडून जेवून घेतलं. भरलेल्या ग्लासांचं काय करायचं, असं हर्षदने विचारलं. त्या म्हणाल्या, तुझ्या पोरांना दे, मी घेत नाही.

ग्लास भरताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती, आणि ती त्यांनी परतल्यावर फक्त माणिकभाऊंना सांगितली. ग्लास एका हाताने तिरका धरावा लागतो आणि नळ दुसऱ्या हाताने ओढावा लागतो. एका हाताचं हे काम नाही. म्हणजे राजेशने ग्लास डाव्या हातात धरला, तर दांडी उजव्याच हाताने ओढावी लागेल. फक्त दांडी तशी हवी. माणिकभाऊंनी ओळखीच्या गाळ्यात लेथपाशी उभं राहून सागवानाची दांडी केली. वीतभर लांब, जाड, आणि टोकाला मनगट अडकेल असा बाक. बोटं मिटत नसली तरी चालेल अशी.

पुढच्या खेपेला केग गुरुवारीच आला आणि शनिवारपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. मंडळी आली. राजेशभाऊ आतल्या खोलीत पडून होते, येत नाही म्हणाले. नंदाताईंनी आग्रह केला नाही. बाहेर येऊन एक ग्लास भरला. उत्तम भरला. तो त्यांनी कुणाला दिला नाही, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि आम्हाला दबक्या आवाजात बजावलं की ते आले तर कुणी मदतीला उठायचं नाही, काहीही सांडलं तरी.

आम्ही शेंगा सोलत बसलो. माणिकभाऊंनी कारखान्यातल्या एका फोरमनची गोष्ट काढली आणि मुद्दाम चुकीची सांगायला लागले. थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. राजेशभाऊ दारात उभे होते. तो फोरमन नव्हेच, असं त्यांनी अडखळत दुरुस्त केलं आणि खुर्चीत येऊन बसले. समोरच्या ग्लासाकडे बराच वेळ पाहिलं. तो प्यायले नाहीत. तो बाजूला सारून त्यांनी डाव्या हाताने रिकामा ग्लास उचलला आणि नळाखाली धरला.

आता दुसरा हात हवा होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी उठलं नाही. नंदाताई तर पाठ करून खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या मुठी मला दिसत होत्या. राजेशभाऊंनी खांदा उचलला, उजवा हात झोका दिल्यासारखा वर फेकला. तो दांडीला लागून खाली पडला. पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा मनगट त्या बाकात अडकलं. मग त्यांनी सगळं अंग मागे झुकवलं आणि नळ उघडला. ग्लास भरला, भरून वाहिला, लुंगीवर सांडला, जमिनीवर ओघळ गेला. बंद करायला दांडी पुढे ढकलावी लागते, ते त्यांना सापडायला आणखी थोडा वेळ लागला.

चिंब ग्लास त्यांनी माणिकभाऊंपुढे केला. "घे रे," म्हणाले.

माणिकभाऊंनी घेतला. मग राजेशभाऊंनी दुसरा रिकामा ग्लास उचलला. त्या संध्याकाळी सगळ्यांचे ग्लास त्यांनीच भरले, आणि स्वतःचा छोटा ग्लास सगळ्यात शेवटी. नंदाताई पोछा आणायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. उजवा हात पहिल्यासारखा झालेला नाही, होणारही नाही, असं शीतलनेच स्पष्ट सांगितलंय. पण दोन बोटं आणि अंगठा आता मिटतात. चेंडूऐवजी शीतल त्यांच्याकडून दांडीच ओढून घेते, नळीला बिअरऐवजी पाणी जोडून. उन्हाळ्यात एकदा लोडशेडिंग झालं आणि अख्खा केग फुकट गेला. प्रांजल दिवाळीला आला तेव्हा दोन दिवस फ्रिजकडे पाहत नव्हता. तिसऱ्या दिवशी बापाने त्याला ग्लास भरून दिला आणि त्याने मुकाट्याने घेतला. केग संपला की नंदाताई नळी उकळत्या पाण्याने नाही, त्यासाठीच्या औषधाने धुतात, हातमोजे घालून, ऑपरेशनची तयारी करावी तशा.

परवा मी काही कामासाठी वर गेलो होतो. राजेशभाऊ फोनवर होते. केगची ऑर्डर द्यायची होती. नंदाताई भाजी निवडत होत्या, मान वर न करता. पलीकडे हर्षद असणार. राजेशभाऊ एकेक शब्द शोधत, थांबत, पुन्हा सुरू करत होते. मराठीत जमेना तेव्हा मालवणीकडे वळले. मला राहवेना, मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर नंदाताईंनी भाजीच्या ताटावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मागे घेतला. पलीकडचा पोरगाही घाई करत नव्हता. शेवटी राजेशभाऊंनी दिवस सांगितला, पत्ता सांगितला, मजला सांगितला.

"आणि बाबा," ते म्हणाले, "ह्या खेपेक मोठो केग धाड. माणसां वाढली हत."