न पाहिलेल्या मातीचा अहवाल

मुलांनो, काल फोनवर तुम्ही म्हणालात की सरकारी कागद आहे म्हणजे त्यातलं खरंच असणार. म्हणून हे आजच लिहिते आहे.

एका वर्षी पेरणीच्या आधी ओळखीतल्या एकाच्या रहिवासी दाखल्यासाठी मी शेलूबाजारजवळच्या एका ग्रामपंचायतीत बसले होते. कृषी सहायक माती परीक्षणाचे अहवाल वाटत होते. एका अनोळखी बाईंनी आपला अहवाल घेतला आणि पिशवीतून मातीची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. शेतकऱ्यांना शिकवतात त्याप्रमाणे वावरात आठ ठिकाणी खणून, सावलीत वाळवलेली माती होती ती.

"साहेब, माही माती त म्या आज आनली. मंग हे तपासलं कोनाचं?"

मी हादरले. न पाहिलेल्या मातीतलं नत्र, स्फुरद त्या कागदावर आकड्यांनिशी छापलेलं होतं!

साहेब हसले. "मावशी, गावाची माती एकच असते."

"मंग गावाचं रक्त बी एकाच्याच बोटातून काढता का? आठ दिवसांवर पेरनी हाय. या कागदावर खत टाकलं अन् पीक गेलं, त तुमी भरून देसान का?"

साहेबांचं हसू मावळलं. बाईंनी पुरचुंडी त्यांच्यापुढे सरकवली, कागद तिथंच टाकला आणि त्या निघून गेल्या.

त्यांची माती पुढे तपासली का, मला ठाऊक नाही. तो खोटा अहवाल मी उचलून आणला. तो अजून माझ्याकडे आहे.