टोळीबाहेरचा हुप्प्या

समोरच्या कौलांवर हल्ली वानरांचा एक हुप्प्या एकटाच येऊन बसतो. कान फाटलेला, पाठीवरचे केस विरळ. बायको त्याला भाकरी टाकते.

"म्हातारा नाही हो काका तो," शेजारचा वनरक्षक म्हणाला. "आत्ताआत्तापर्यंत टोळी याचीच होती. माद्या राखायच्या, सतत नव्या नरांशी भांडायचं, त्यात धड खाणंही नाही. झिजला. याच्याच वयाचे, टोळी न मिळालेले, अजून तुकतुकीत आहेत."



गेल्या आठवड्यात धाकट्या मुलाचं लग्न झालं. मी आणि माझे थोरले भाऊ अण्णा शेजारी बसलो होतो. अण्णांनी लग्न केलं नाही. केस काळे, दात शाबूत. नव्या सुनेने थोरल्यापासून सुरुवात करायची म्हणून आधी माझ्या पायांना हात लावला.

"अगं, अण्णा मोठे!" बायको घाईने म्हणाली. सगळे हसले, अण्णाही. मला काहीच वाटलं नाही. आशीर्वाद मात्र दिला.

आज टोळी पलीकडच्या चिंचेवर आलीय. पिल्लं उड्या मारतायत, त्यातली काही त्याचीच असतील. तो तिकडे बघत नाही. एका बाजूच्या दातांनी सावकाश भाकरी चावतोय.

मीही तसाच जेवतो.