नाना आणि जड बॅटरी

महादूनानांनी मला खोली दिली ती माझी बॅग उचलून. नाव, गाव, नोकरी यातलं काहीही न विचारता त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, डोळे मिटले, दोनदा खालीवर केली आणि घराच्या आत बघून बायकोला म्हणाले, "पुस्तकं हायेत. दंगा नाय करनार ही पोरगी. ऱ्हाऊ दे हिला." मी जागच्या जागी गार. बॅगेत खरंच पुस्तकं होती, पण माणसाची पारख अशी कोबीसारखी करतात हे मला नवीन होतं. मी नाशिकला अंबडच्या कारखान्यात तयार मालाची मापं तपासते. तिथे केसाएवढ्या फरकाला यंत्रं लागतात, आणि हे गृहस्थ डोळे मिटून निकाल देऊन मोकळे!

मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा होता आणि मळ्याच्या कडेला घर. कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर, सगळा माल नाना हातात तोलूनच बाजारात नेत. "डोळं फसत्यात, कान फसत्यात, हात नाय फसत" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा मुलगा फिटर आहे म्हटल्यावर पोहे बाजूला सारून त्याची हत्यारांची पेटी उचलायला उठले म्हणे. "जड हाय. म्हंजी पोराला काम असतंय," एवढं बोलून होकार. ऐकून मी तोंडात बोटं घातली. मुलगी मात्र सुखात होती, आणि त्यामुळे नानांना कोणी काही बोलूच शकत नव्हतं.

घरात एक जुनी मोटरसायकल होती. पहाटे नाना पुढे, दोन्ही बाजूंना ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कोथिंबीर, आणि मागे त्यांची बायको, आमच्या इंदूकाकू, अशी वरात बाजाराला निघायची. गाडीची बॅटरी कधीची मेलेली. नाना किक मारून काम भागवत. मग गुडघा गेला. डॉक्टरांनी किक बंद केली आणि नवीन बॅटरी घेणं भाग पडलं, कारण बटणावर गाडी सुरू झाली नाही तर दोघांचं बाजारात बसणंच संपलं असतं. काकूंना गाडी येत नव्हती आणि बाजार सोडून घरी बसलेले नाना कोणाला बघवले नसते.

पंचवटीतल्या दुकानात मी त्यांना माझ्या स्कूटीवर नेलं. पोरीच्या मागे बसायला ते वाटभर संकोचत होते. दुकानात शिरताच संकोच गेला. दुकानदाराने गाडीच्या मापाची बॅटरी समोर ठेवली. नानांनी उचलली, डोळे मिटले, परत ठेवली.

"हिच्यात गर नाय."

"नाना, ही बॅटरी आहे, कलिंगड नाही," दुकानदार म्हणाला.

"ती कोपऱ्यातली दाखवा."

"ती मोठ्या गाडीची. तुमच्या गाडीत बसणार नाही."

नानांनी ती उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां! हिच्यात दम हाय. बसवायचं मी बघतो."

मी माप सांगितलं, दुकानदाराने हात जोडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. घरी आल्यावर नानांनी बॅटरी सीटखालच्या खोबणीत कशीबशी कोंबली, ट्यूबच्या पट्टीने आवळली आणि सीट लागेना म्हणून वर बसून जोरात आपटलं. खटका लागला. बटण दाबलं, आणि गाडी पहिल्या फटक्यात अशी सुरू झाली की मीच वरमले. नानांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आठवडाही झाला नसेल. मी पहिल्या पाळीला निघाले होते, माझ्या पुढे नाना-काकूंची गाडी. वळणावरच्या स्पीडब्रेकरवर ती दणकली आणि फट्ट आवाज आला. दोघांच्या वजनाने सीटखालचा पत्रा बॅटरीच्या टोकावर टेकून शॉर्टसर्किट झालं होतं, हे नंतर मिस्त्रीने सांगितलं. मला दिसल्या त्या काकूंच्या खालून उडणाऱ्या ठिणग्या, पाठोपाठ धूर, आणि काठाला पेटलेलं लुगडं. नानांनी गाडी तशीच पाडली, काकूंना ओढून बाजूला केलं, कोथिंबिरीवरचं ओलं गोणपाट उपसून आधी त्यांच्या पायावर आणि मग सीटवर टाकलं. धूर बसला. काकूंची पोटरी भाजून सोलली होती. त्या ओरडल्या नाहीत. ओरडत होते नाना, तेही शब्द नसलेलं काहीतरी.

दवाखान्यातून आल्यावर जे बघितलं त्याने मला आगीपेक्षा मोठा धक्का बसला. नाना मिटले. कोबी काढायचा तर गड्याला म्हणायचे, "तूच बघ बाबा, मला नाय कळत." मला नाय कळत! हे शब्द या माणसाच्या तोंडून? एकदा काकूंनी घरात भाजीला फ्लॉवर मागितला, तर शेतात गड्डे उभे असताना ते माझ्या दाराशी आले आणि विचारलं, "ताई, कंचा तोडू?" मला रडू फुटेल असं वाटलं. जावयाने गाडीला मापाची बॅटरी आणि नवं सीट बसवून दिलं. नाना गाडीकडे फिरकले नाहीत. माल शेजाऱ्याच्या टेम्पोतून जायला लागला आणि ते ओट्यावर हात मांडीखाली दाबून बसायला लागले. हा माणूस असाच संपणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

काकूंची पट्टी अजून सुटायची होती. एका सकाळी त्या लंगडत बाहेर आल्या, उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

"टेम्पो येतोय की," नाना मान खाली घालून म्हणाले.

"टेम्पोवाल्यासंगं लगीन नाय लावलं म्या."

"इंदे, तुला जाळलं असतं मी."

"जाळलं का? चूक झाली, मानसाकडूनच व्हती. आता या फुडं, पाय ठनकतोय माझा."

नाना उठले. गाडीपर्यंत येईतो त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. बटणावर अंगठा दाबला. गाडी सुरू झाली. आजवर काकू मागच्या दांडीला धरून बसत. त्या दिवशी त्यांनी चारचौघांत नानांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा तो भरवसा बघून मी थक्क झाले. पुढे मी नाशिकरोडला राहायला गेले तरी तो हात माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही. त्यानंतर नाना अनेक वर्षं बाजारात बसले, पुन्हा कोबी तोलायला लागले, पुन्हा बढाया मारायला लागले.

या थंडीत ते झोपेतच गेले. भेटायला गेले तेव्हा मी काकूंना म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी बसलात म्हणून नाना उभे राहिले. किती विश्वास होता तुमचा!"

काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "तुला म्हनून सांगते. मला लय भ्या वाटायचं. रोज. स्पीडब्रेकर आला की डोळं मिटून त्यांचा खांदा गच्च धरायचे. त्यांना वाटायचं, बायकोला भरवसा हाय."

मी म्हटलं, "एवढी वर्षं? मग बसलात कशाला, काकू?"

"न बसून काय करती?" त्या म्हणाल्या. "मी उतरले असते तर हा मानूस तवाच मेला असता."